पाठीमागचा उजेड

सुमनताई प्रकाश आधी हातावर घेत. नवी जागा असो, अनोळखी खिडकी असो की झाडाखालची विरळ सावली, तिथे पोहोचल्या की काही न बोलता त्या उजवा तळहात पुढे करत, बोटे किंचित विलग ठेवत आणि मूठभर धान्य पारखावे तसा तो हात हळूहळू फिरवत. करंगळीची सावली अंगठ्याच्या उंचवट्यावर कशी पडते, तिची कड पात्यासारखी आहे की धुरासारखी, तळव्याच्या रेषांत किती काळोख साचतो, हे क्षणभर न्याहाळत आणि मग मूठ मिटून घेत. माझ्या गळ्यात प्रकाश मोजण्याचे यंत्र लटकत असे. त्यावरचा आकडा आणि त्यांच्या तोंडून निघालेला शब्द यांत फारसे अंतर कधी पडले नाही.

वय पंचेचाळिशीच्या आसपास. अंगात पंजाबी ड्रेस, त्यावर मनगटापर्यंत बटणे लावलेला पुरुषी सदरा, पायांत जाड रबरी तळाचे बूट, आणि अंबाड्यात अबोलीच्या गजऱ्याशेजारी खोचलेला टेस्टर. खोपोलीजवळ, साजगावच्या अलीकडे, भातखाचरांच्या मधोमध त्यांचे गाव. घरची शेती भाऊ पाहायचे. दहावीनंतर आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स केला तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या, आणि नंतरची कितीतरी वर्षे त्यांनी एका कारखान्यातल्या मोटारी आणि पॅनेले सांभाळण्यात घालवली. तो कारखाना बंद पडला. त्याच सुमारास कर्जतच्या आसपासच्या फार्महाऊसांत जाहिरातींची आणि मालिकांची चित्रीकरणे वाढू लागली होती. कुठल्याशा बंगल्यात फ्यूज गेला म्हणून बोलावलेल्या सुमनताई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दिव्यांपाशी उभ्या राहून पाहत राहिल्या, आणि मग त्याच कामाच्या होऊन गेल्या. आमच्या धंद्यात दिवे लावणाऱ्यांच्या प्रमुखाला गॅफर म्हणतात. सुमनताईंना तो शब्द आवडत नसे. "मी वायरमन हाय," त्या म्हणत. वायरवुमन म्हणावे, असे कुणी सुचवले तर हसत.

त्यांचे हे चित्र मी पूर्वीही काढायचा प्रयत्न केला आहे. कार्तिकातला एक दिवस वगळून, नुसते त्यांचे हात, त्यांची चाल, जनरेटरच्या आवाजाकडे कान देऊन उभे राहण्याची त्यांची रीत, एवढेच लिहावे असे वाटे. पण तो दिवस वगळला की त्यांचा चेहरा कागदावर उमटतच नाही. म्हणून तो दिवस सांगते.

कर्जतहून नेरळकडे जाताना डाव्या हाताला माथेरानचा डोंगर सोबत चालत असतो. त्याच्या पूर्वेच्या पायथ्याशी, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांच्या काठावर, एक बंगला होता. बंगला नवा, पण त्याच्या मागचे दगडी तळे जुने. चारही अंगांनी पायऱ्या उतरत गेलेल्या, पावसाचे पाणी अजून वरच्या चारच पायऱ्या कोरड्या ठेवून थांबलेले, आणि त्या निश्चल पाण्यात सगळे आकाश आडवे पडलेले. दूरच्या खळ्यांवरून भात झोडण्याचा सावकाश, एकसुरी आवाज येत होता. हवेत ओल्या पेंढ्याचा गोडसर वास होता. इतका शांत आसमंत होता, की आमच्या गाड्यांनी तिथे पाऊल टाकणेच मला उर्मटपणाचे वाटले.

हातमागाच्या साड्यांच्या जाहिरातीसाठी एका दिवसात दोन कामे उरकायची होती. छायाचित्रे मी काढायची, आणि त्याच क्षणी, त्याच साडीच्या त्याच लहरीचा व्हिडिओ ऋत्विकने घ्यायचा. ऋत्विक हा दिग्दर्शक. पुण्याचा, तिशीच्या आतला, हुशार. हे त्याचे पहिलेच मोठे काम, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर पहाटेपासून दिसत होते. साड्या नेसणारी मिताली नाशिकची, एकविसाव्या-बाविसाव्या वर्षातली मुलगी. तिला कॅमेऱ्यापुढे चालताना पाहिले की वाटे, हिचे पाय जमिनीला विचारून पडतात.

छायाचित्र आणि व्हिडिओ ही एकाच घरातली दोन भावंडे असली, तरी त्यांची भूक वेगळी. छायाचित्राला प्रकाशाचा एक निमिष पुरतो. लखकन उजळून विझणारा फ्लॅश हवेत उडालेला पदर जिथल्या तिथे गोठवतो, आणि आम्ही छायाचित्रकार त्या निमिषावर जगतो. व्हिडिओला मात्र अखंड, न थरथरणारा उजेड लागतो. त्याच्या वाहत्या धारेत माझा प्रत्येक फ्लॅश म्हणजे एक पांढरा ओरखडा. सकाळी पडवीत पहिलीच साडी झाली आणि ऋत्विकने हातातला हेडफोन खाली ठेवला.

"अनघाताई, तुमचा प्रत्येक फ्लॅश माझ्या शॉटमध्ये वीज पडल्यासारखा दिसतोय."

"मग मी काय अंधारात फोटो काढू?" मी म्हणाले. आवाज मला हवा होता त्याहून चढला.

मिताली पदर हातात धरून तशीच उभी राहिली. तेवढ्यात सुमनताई आमच्या दोघांच्या मधून, जणू आम्ही दोन खांब असावेत अशा, चालत गेल्या. त्यांनी मितालीच्या गालापाशी आपला तळहात धरला, फिरवला, मिटला.

"भांडू नका. दोगांना एकच दिवा देते," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझे फ्लॅश बंद करायला लावले. मोठा एलईडी दिवा पडवीच्या टोकाहून उचलून निम्म्या अंतरावर आणला, मध्ये पांढऱ्या कापडाची चौकट उभी केली, आणि आतल्या खोल्यांतले शोभेचे दिवे एकेक करून मालवले, कारण त्यांचा डोळ्यांना न दिसणारा थरकाप व्हिडिओत पट्टे पाडतो. दिवा जवळ आला तसा कापडातून पाझरणारा उजेड दाट झाला, सायीसारखा. ऋत्विकला त्याची अखंड धार मिळाली आणि मला उडता पदर थांबवता येईल इतके तेज.

"दिवा निम्म्यावर आनला का उजेड चौपट पडतो, मॅडम," त्या मला हळूच म्हणाल्या. "आन सावली मऊ व्हते. नवीन काय नाय त्यात."

दुपारपर्यंत काम वाऱ्यासारखे सरकले. तरी ऋत्विकच्या कपाळावरची आठी गेली नव्हती, कारण त्याच्या मनातले खरे दृश्य अजून बाकी होते. शेवटची साडी गर्द जांभळी, तिच्या काठाला जर. मितालीने तळ्यात गुडघाभर उतरायचे, काठ पाण्यावर पसरायचा, आणि पाठीमागून येणाऱ्या खालच्या, तिरप्या प्रकाशाने त्या काठाची, केसांची, ओल्या हातांची कड पेटायची. त्याने हे चित्र कागदावर काढून आणले होते. चित्र सुंदर होते, आणि ते सुंदर असणे हेच पुढच्या सगळ्याचे मूळ ठरले.

"सूर्यास्त सहाला आहे," फोनवर पाहत तो म्हणाला. "म्हणजे पाच ते सहा मऊ ऊन. भरपूर वेळ आहे."

सुमनताईंनी पश्चिमेच्या डोंगराकडे मान वळवली. "फोनमध्ये डोंगर नसतो, साहेब. हितं पाच धाला ऊन जातं. या दिवसांत तर नक्की."

"पाच दहा?"

"डोंगर खातो ना ते."

त्याने हसण्याचा प्रयत्न केला, पण हसू ओठांपर्यंत आले नाही. त्या क्षणापासून आमचा दिवस पन्नास मिनिटांनी लहान झाला होता, आणि ते आखडलेले अंतर प्रत्येकाच्या हालचालीत दिसू लागले.

पश्चिमेच्या काठावर आमचे दोन्ही कॅमेरे लागले. उत्तरेच्या पायऱ्यांनी मिताली उतरणार होती. पूर्वेच्या अंगाला, पाण्यातच रोवलेल्या बांबूंच्या ताटीवर, ऋत्विकला पाठीमागचा तो दिवा हवा होता. सुमनताईंना ती जागाच पसंत नव्हती. "पान्यात माणूस आन पान्यात दिवा, दोनी नको," त्या म्हणाल्या. बॅटरीवर चालणारा छोटा दिवा त्यांनी लावून दाखवला. दिवसाउजेडी त्याचे तेज काजव्याएवढे दिसले. मग बरीच बोलाबोली झाली, आणि शेवटी त्यांनी मोठा दिवा ताटीवर चढवू दिला तो एका अटीवर. जनरेटर आणि दिवा यांच्या मध्ये त्यांचा पिवळा डबा राहील. त्या डब्यात एक ब्रेकर होता. कुठेही, मातीत किंवा पाण्यात, थेंबभर वीज झिरपली की तो खटकन पडे आणि सगळा प्रवाह तुटे.

दिवा लावला. डबा खटकन पडला.

सुमनताईंनी ब्रेकर पुन्हा उचलला. तो पुन्हा पडला.

ऋत्विक दोन्ही हात डोक्यावर ठेवून फिरू लागला. जनरेटर चालवणारा भगवान हा खोपोलीचा, पन्नाशीचा, सुमनताईंबरोबर वर्षानुवर्षे काम केलेला माणूस. तो त्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

"कुठंतरी गळतंय," त्या म्हणाल्या. "केबल बदलते. वर टेंपोत दुसरी हाय. तोवर कुनी हात लावू नका. भगवान, ऐकलंस का रं?"

"ऐकलं, ताई."

त्या बंगल्याला वळसा घालून टेंपोकडे गेल्या. सव्वाचार झाले होते. ऊन तांबूस होऊ लागले होते, आणि तळ्याच्या दगडांना असा रंग चढला होता की तो फार वेळ टिकणार नाही हे कुणीही सांगितले असते. ऋत्विक भगवानजवळ गेला. मी त्यांच्यापासून चार पावलांवर, गळ्यातले यंत्र हातात घेऊन, प्रकाश मोजत उभी होते.

"तो डबा बाजूला काढा आणि डायरेक्ट द्या," ऋत्विक खालच्या आवाजात म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे. ऊन चाललंय."

"ताई नाय बोलल्यात."

"ताई येईपर्यंत शॉट होऊनसुद्धा जाईल. जबाबदारी माझी."

मी हे ऐकले. स्वच्छ ऐकले. मला विजेतले फारसे कळत नाही, पण जी गोष्ट सुमनताईंनी नुकतीच नाकारली ती त्यांच्या पाठीमागे करू नये, एवढे कळायला वीज कळावी लागत नाही. मी तोंड उघडायला हवे होते. मी यंत्रावरचा आकडा पुन्हा वाचला. भगवान इतकी वर्षे हे काम करतो, त्याला समजत असेल, असे मनाशी म्हटले. खरे कारण याहून लाजिरवाणे होते. मलाही ते चित्र हवे होते.

दिवा लागला. निश्चल पाण्यावरून सोन्याची एक लांब वाट आमच्या पायांपर्यंत येऊन पोहोचली. कुणीतरी "वा!" म्हणाले. ऋत्विकने मितालीला हात केला, आणि जांभळ्या साडीचा काठ दोन बोटांत उचलून ती पहिली पायरी उतरली, दुसरी उतरली, तिसरी. मी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत तिचे घोटे, भिजण्याआधीची जर, आणि मागे तो उजेड. तिने चौथ्या पायरीवर डावा पाय टेकवला आणि उजवा पाण्याकडे नेला.

"मागं हो! पोरी, मागं!"

ती हाक बंगल्याच्या कोपऱ्यावरून आली. खांद्यावर केबलचे वेटोळे घेऊन वळणाऱ्या सुमनताईंना आधी दिसला तो लागलेला दिवा, आणि मग बाजूला काढून गवतावर ठेवलेला पिवळा डबा. खांद्यावरचे वेटोळे त्यांनी कधी टाकले ते मी पाहिले नाही. चिखल, दगड, कॅमेऱ्यांच्या तारा, सगळे ओलांडत त्या धावत आल्या आणि जनरेटरवर जवळजवळ पडल्याच. इंजिन एक आचका देऊन थांबले. सोन्याची वाट पाण्यावरून पुसली गेली. मिताली दचकून मागच्या पायरीवर बसली होती; तिचा उजवा पाय अजून तसाच, पाण्याच्या वीतभर वर, हवेत होता.

दूरच्या खळ्यावरचा झोडणीचा आवाज, जो दिवसभर चालूच असणार, तो मला त्या घटकेला पुन्हा ऐकू आला.

सुमनताईंनी जनरेटरची चावी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली. केबल स्वतःच्या हातांनी जनरेटरपासून सोडवली. मग त्या पूर्वेच्या काठावर गेल्या आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घालून केबल हळूहळू वर ओढू लागल्या. ताटीच्या एका बांबूच्या चिरलेल्या, धारदार कडेखाली ती दाबली गेली होती. तिचे काळे आवरण बोटभर फाटले होते आणि आतले तांबे, धुऊन ठेवावे तसे, लखलखत होते.

तो तुकडा घेऊन त्या सगळ्यांत आधी मितालीकडे आल्या.

"बघून ठेव गं. जीव तुझा हाय, तुला ठावं पायजे."

मितालीने पाहिले. मग साडीसकट पाय पोटाशी ओढून घेतले.

"मला खरंच कल्पना नव्हती," ऋत्विक म्हणाला. त्याचा रंग पेंढ्यासारखा झाला होता. "मला वाटलं, ब्रेकरच खराब आहे..."

"तुमाला कल्पना नसते, साहेब, म्हनून तर तो डबा लावत्यात."

भगवान मान खाली घालून उभा होता. "ताई, साहेब म्हनले जबाबदारी..."

"साहेब उद्या पुण्याला जातील, भगवान. आपुन हितंच ऱ्हातो." एवढे बोलून त्या त्याच्यापासून वळल्या, आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. त्या नजरेत राग नव्हता. एखाद्या जोडापाशी वीज येते की नाही हे पाहताना त्या जशा पाहत, तसे त्या मला पाहत होत्या.

"तुमी हितंच व्हता ना, मॅडम?"

"हो."

"ऐकलं?"

खोटे बोलायला जागा होती. मी कॅमेऱ्यात गुंतले होते, असे म्हटले असते तर ऋत्विकही गप्प बसला असता.

"ऐकलं," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि हात पुसायला फडके शोधू लागल्या.

ऋत्विकने काम थांबवल्याचे सांगितले. बरोबरच होते ते. सगळे सामान आवरायला लागले, तेव्हा पायरीवर बसलेली मिताली एकाएकी म्हणाली, "सुमनताई, तो दिवा नसला तर होईल का हे?" तिने पाय अजून पोटाशीच धरले होते. "मला नुसतं घाबरून घरी जायचं नाहीये."

सुमनताईंनी उन्हात तळहात धरला. यावेळी त्यांनी तो बराच वेळ फिरवला. साडेचार वाजून गेले होते.

"व्हईल," त्या म्हणाल्या. "पन अर्धा तास हाय. आन तुला नको वाटलं तर नको. हितं कुनी तुला बोलनार नाय."

मग जे घडले त्याला काम म्हणावे की आणखी काही, मला ठरवता आलेले नाही. त्यांनी तळ्याच्या आसपासची एकूण एक तार गोळा करून टेंपोपाशी नेऊन टाकायला लावली. बंगल्याच्या कपड्यांच्या खोलीतला पुरुषभर उंचीचा आरसा दोघांनी उचलून पूर्वेच्या काठावर आणला. पडवीतली पांढऱ्या कापडाची चौकट पश्चिमेला, आमच्या बाजूला, डोंगराकडून येणारे ऊन अडवून धरायला उभी राहिली. तिची एक बाजू ऋत्विकने धरली, दुसरी भगवानने. आता समोरून येणारे ऊन कापडातून गाळून, मवाळ होऊन मितालीच्या चेहऱ्यावर पडणार होते, आणि तेच ऊन पलीकडच्या आरशावर आपटून तिच्या पाठीमागून परत येणार होते. एकच सूर्य दोन्ही बाजूंनी. ऋत्विकच्या कॅमेऱ्याला अखंड, माझ्या कॅमेऱ्याला हवे तितके प्रखर. आणि कुठेही वीज नव्हती.

सगळे जागच्या जागी लागल्यावर मितालीने पाण्याकडे पाहिले, आणि तिचे पाय हलेनात. कुणी काही म्हणण्याआधी सुमनताईंनी बूट काढले, सलवार पोटरीपर्यंत गुंडाळली आणि त्या पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. पाण्यात त्यांचे प्रतिबिंब हलले, मोडले, पुन्हा जुळले.

"ये," हात पुढे करून त्या म्हणाल्या. "गार हाय, बाकी काय नाय."

मितालीने तो हात धरला आणि ती उतरली. काठ पाण्यावर पसरला. क्षणभर दोघी तशाच उभ्या होत्या, एकीचा जांभळा पदर आणि दुसरीचा मळका सदरा. मग सुमनताई हळूच हात सोडवून, पाण्यातून वळसा घेऊन, आरशामागे गेल्या.

सूर्य थांबत नसल्यामुळे आरशालाही थांबता येत नव्हते. तो सारा वेळ त्यांनी आरसा स्वतः धरला. दर काही श्वासांनी त्या तो केसभर कलवत, उन्हाचा कवडसा मितालीच्या खांद्यावरून घसरू लागला की परत वर आणत, तिच्या केसांतून जाऊ देत, ओल्या मनगटावर ठेवत, आणि हे सगळे इतक्या सावकाशपणे की व्हिडिओत तो उजेड श्वास घेतो आहे असे वाटे. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. आरशाच्या दोन्ही कडांवर आवळलेली बोटे तेवढी दिसत होती, पांढरी पडलेली.

मग डोंगराने सूर्याला हात लावला. खाचरांवरचे पिवळे विझत विझत आमच्याकडे सरकले, कापडातून येणारा समोरचा उजेड मंदावला, आणि मितालीचा चेहरा सावलीत गेला. मी कॅमेरा खाली घेणार होते. पण उंच काठावरच्या त्या आरशात शिखराआडून निसटलेल्या उन्हाची शेवटची कड अजून तगून होती, आणि त्या काही श्वासांत साऱ्या अंधुक तळ्यात फक्त तिची बाह्यरेषा उरली. केस, खांदा, जरीची एक तरंगती ओळ. मी किती वेळा बटण दाबले मला आठवत नाही. शेवटच्या चित्रात मितालीने मान वळवून आरशाकडे पाहिले होते.

पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. घड्याळ पाहण्याचे भान फक्त भगवानला राहिले, आणि त्याने ते कुणालाच सांगितल्यासारखे न करता पुटपुटून सांगितले.

आवराआवरीत ऋत्विक सुमनताईंकडे जाऊन काही बोलला. त्याचे दोन्ही हात जोडलेले मी दुरून पाहिले. त्यांनी मान हलवली. माझ्याशी त्या नेहमीसारख्याच बोलल्या. कापड ओले घडी करू नका म्हणाल्या, आरसा मखमलीत गुंडाळायला सांगितला, आणि उजेड असतानाच आपल्या स्कूटरवर बसून खोपोलीच्या रस्त्याला लागल्या. त्यांच्या त्या साधेपणाने मी निर्धास्त झाले. झाले गेले, असे मला वाटले.

ती छायाचित्रे खूप नावाजली गेली. पुढच्या मोसमात तसेच दुहेरी काम माझ्याकडे आले, आणि मी पहिला फोन सुमनताईंना केला. तारखा सांगितल्या, जागा सांगितली. त्या सगळे ऐकून घेत होत्या.

"मॅडम, काम तुमी लय चांगलं करता," त्या म्हणाल्या. "पन मी नाय येनार."

"दुसरीकडे अडकलात का?"

"नाय. मोकळीच हाय."

मग इतक्या दिवसांत न म्हटलेले ते मी म्हटले, "सुमनताई, त्या दिवशी चुकलं माझं. मी बोलायला हवं होतं. मला माफ करा."

"राग नाय हो माझा. साहेबांना ठावं नव्हतं, भगवान भ्याला. त्यांचं मी समजू शकते. दोगांबरोबर काम करते आजून." त्यांचा आवाज मऊच होता, आणि म्हणून मला तो सहन होईना. "तुमाला ठावं व्हतं. माझं काम असं हाय, मॅडम, का मला पाठ फिरवावी लागते. केबल आनाया जावं लागतं. तवा मागं कोन उभं हाय, ते मला ठावं पायजे."

पलीकडे कुठेतरी कोंबडा आरवला, कुणीतरी त्यांना हाक मारली. "ठेवते," त्या म्हणाल्या.

आता माझ्या प्रत्येक सेटवर कुणी काही बाजूला काढा म्हणाले की मी बोलते. कधी वाजवीपेक्षा जास्त आणि मोठ्याने बोलते, आणि नवी माणसे एकमेकांकडे पाहतात. सुमनताई त्याच पट्ट्यात आहेत. कधी चौक गावाच्या बाजूला, कधी नेरळला त्यांचे काम चालल्याचे कानावर येते. मितालीने आपल्या लग्नात त्यांना नाशिकला नेले होते, आणि त्या मांडवातल्या दिव्यांची जोडणी तपासत फिरत होत्या, असे तिने हसत हसत मला सांगितले. मीही हसले.

मृत्यूने नेलेल्या माणसांच्या आठवणींवर काळ हळूहळू साय धरतो, कारण त्यांच्याकडून आता काही परत येण्यासारखे नसते. पण जी माणसे हयात असतात, हाकेच्या अंतरावर असतात, आणि तरीही आपल्या आयुष्यात पुन्हा पाऊल ठेवणार नसतात, त्यांच्या गैरहजेरीला काळ हात लावत नाही. ती आपल्याच सोबतीने, आपल्याच वयाने, रोज थोडी थोडी मोठी होत जाते.